गाडीतलं गाणं



गेल्या आठवड्यात धाकट्या पुतण्याने नवीन गाडी घेतली. पेढे झाले, नारळ फोडून झाला, मग सगळ्यांना एक चक्कर. मी पुढच्या सीटवर बसलो आणि सवयीने सीडीची फट शोधू लागलो. नाही! कॅसेटचा खण असण्याचा तर प्रश्नच नव्हता. समोर आपला मोठा काचेचा पडदा. पुतण्या म्हणाला, "काका, आता फोनवरून लागतं सगळं. तुम्ही फक्त नाव सांगा."

नाव सांगा! या दोन शब्दांनी माझी चक्कर बिघडली. म्हणजे गाडी उत्तम होती, पण मी मनाने तीसचाळीस वर्षं मागे गेलो. का, ते पुढे येईलच. पण जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगायची खोड आहे. तेव्हा आधी थोडा इतिहास. वर्गात झोपायची परवानगी होती, इथेही आहे.

गाडीत गाणं ऐकायची हौस मोटारीइतकीच जुनी असावी. पण ते खऱ्या अर्थाने जमवलं शिकागोच्या पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने, १९३० साली. गाडीत बसेल असा रेडिओ त्यांनी तयार केला. त्या वर्षी अटलांटिक सिटीला रेडिओवाल्यांचं अधिवेशन होतं. गॅल्विन यांच्याकडे तिथे दुकान मांडायची सोय नव्हती. त्यांनी गाडी बाहेर उभी केली आणि रेडिओचा आवाज मोठा करून येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकवला. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. 'मोटर' आणि त्या काळच्या व्हिक्ट्रोलासारख्या वाजत्या यंत्रांच्या नावांतला शेवट, यांची ती जोडणी. पुढे कंपनीचंच नाव तेच झालं.

पण रेडिओवर लागेल ते ऐकायचं. आपल्याला हवं ते गाणं गाडीत कसं लावायचं? १९५५ च्या शरद ऋतूत क्रायस्लर कंपनीने आपल्या १९५६ च्या मॉडेलांसाठी चक्क तबकडीचा प्लेअर आणला, 'हायवे हाय-फाय' नावाचा. लाँगप्ले रेकॉर्ड जन्माला घालण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या पीटर गोल्डमार्क यांचं हे डोकं. सात इंचांची तबकडी, मिनिटाला अवघे सोळा-सतरा फेरे, आणि सुई खड्ड्यात उडू नये म्हणून दाबून धरलेली. तबकड्या खास वेगळ्या होत्या, घरच्या प्लेअरवरच्या चालत नसत. म्हणजे आपल्या संग्रहातलं गाणं गाडीत नाहीच! चारदोन वर्षांत तो प्रकार गुंडाळला गेला.

मग १९६४ च्या सुमारास विमानं बनवणाऱ्या बिल लिअर यांनी 'आठ ट्रॅक'ची टेप आणली. फोर्ड कंपनीने १९६६ च्या मॉडेलांत ती दिली. डबीच्या आत फितीचा न संपणारा वेढा, उलटायची गरज नाही. फक्त एक खोट होती. फितीवर चार भाग शेजारी शेजारी असत आणि चारही सारख्याच लांबीचे. गाणी काही मोजून मापून तशी बसत नाहीत. मग काही गाणी मधेच हळू होत, 'खट्' असा आवाज येई आणि पुढच्या भागात उरलेलं गाणं सुरू होई. हे 'खट्' लक्षात ठेवा. यंत्राच्या सोयीसाठी गाणं कापायची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे.

आपल्या माहितीची कॅसेट फिलिप्सच्या लू ओटेन्स यांच्या चमूने केली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. (ओटेन्स २०२१ साली वारले. पेपरात बातमी वाचली तेव्हा घरचं कोणी गेल्यासारखं वाटलं.) गाडीत ती १९६८ पासून आली. आपल्याकडे खरा पूर आला तो १९८० नंतर. गुलशन कुमार यांची टी-सीरिज १९८३ सालची. तोपर्यंत रेकॉर्ड म्हणजे श्रीमंती काम होतं. कॅसेटने भजनं, लोकगीतं, तमाशा, कीर्तन, सगळं गल्लीबोळात नेलं. पीटर मॅन्युएल नावाच्या अभ्यासकाने भारतातल्या या कॅसेटच्या काळावर १९९३ साली अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ट्रकमध्ये, टॅक्सीत, अँबॅसडरमध्ये डॅशबोर्डच्या खाली टेप लटकवलेला आणि मागे काचेपाशी दोन स्पीकर, हे दृश्य तेव्हाचं. उन्हात ठेवलेली कॅसेट वाकडी व्हायची, फीत अडकली की मैलभर आतडं बाहेर! मग पेन्सिल घालून गुंडाळत बसायचं. आमच्या वयाच्या प्रत्येकाने ते केलेलं आहे.

पण कॅसेटचा सगळ्यात मोठा गुण असा की ती आपल्याला भरता येई. इथे आमच्या दादांचा प्रवेश.

दादा म्हणजे माझे थोरले बंधू. पाटबंधारे खात्यात होते आणि गाण्याचे वेडे. स्वतः गात नसत, पण रेडिओवर शास्त्रीय गाणं, नाट्यसंगीत लागलं की त्यांचा टू-इन-वन सज्ज. १९७८ पासून बारातेरा वर्षं त्यांनी आकाशवाणीवरून गाणी भरली. अक्षर मात्र असं की त्यांचं त्यांनाच लागत नसे. त्यामुळे कॅसेटवर काय लिहिलंय याचा उपयोग शून्य. यावर वहिनींनी उपाय काढला. गाणं संपलं की दादा रेडिओ बंद करून टेपचा माइक चालू करायचे आणि वहिनी त्यात बोलायच्या. कोण गायलं, राग कुठला, तारीख काय. सुरुवातीला एवढंच. पुढे त्यांना गंमत वाटू लागली. "हा मधुवंती. तारीख एकोणीस जुलै, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. पाऊस थांबलेला नाही. दूध उतू गेलं." असं काहीबाही. आम्ही हसायचो. वहिनी २००३ साली गेल्या.

वहिनींना ठाऊक नसेल, पण त्या करत होत्या ते फार जुनं काम होतं. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तबकड्या तयार व्हायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कारागिरांना आपली भाषा, आपली नावं काय कळणार? म्हणून गाणं संपता संपता गौहर जान इंग्रजीतून आपलं नाव सांगत. जेमतेम तीन मिनिटांची तबकडी, त्यातले दोन क्षण नावाला. आज ऐकताना ती ऐट वाटते, पण ती मुळात चिठ्ठी होती. गाण्याला बांधलेली चिठ्ठी.

आता अंकांचा जमाना. सीडी १९८२ साली आली आणि १९८४ मध्ये पायोनियर आणि सोनी यांनी ती गाडीत बसवली. सीडीत आवाजाचं मोजमाप सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेलं असतं. आवाज स्वच्छ, पण एका मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते. त्या काळच्या संगणकांना हे ओझं झेपणारं नव्हतं.

ते ओझं हलकं केलं एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. तंत्र शाळामास्तराच्या भाषेत सांगतो. मधल्या सुट्टीची घंटा घणघणत असताना शेवटच्या बाकावरची कुजबुज मास्तरला ऐकू येत नाही. मोठा आवाज जवळच्या बारीक आवाजाला झाकतो. मग जे ऐकूच येणार नाही ते साठवायचं कशाला? काढून टाका! असं काढत गेलं की दहाअकरा भागांचा एक भाग उरतो. कापायचं किती याची पारख करायला ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान व्हेगा यांचं वाद्यांशिवायचं एक गाणं पुन्हा पुन्हा ऐकलं. कारण नुसत्या माणसाच्या आवाजात केलेली लबाडी कानाला लगेच कळते. १४ जुलै १९९५ रोजी त्या फाइलींच्या शेपटाला 'एमपी३' हे नाव ठरलं. मिनिटाला एक एमबी. ज्या सीडीत जेमतेम पंधरा गाणी मावत, तिच्यात आता दीडशेच्या आसपास मावू लागली.

हे तंत्र गाडीला तर फारच सोयीचं. इंजिनाची घरघर, टायरचा आवाज, मागून ट्रकचा हॉर्न. यात जे थोडं कापलं गेलंय ते कोणाला कळणार?

पण संगणकातली गाणी गाडीत न्यायची कशी? या प्रश्नावर लोकांनी काय काय खटपटी केल्या! इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या काही हुशार पोरांनी 'एम्पेग' नावाचा प्लेअर काढला, १९९९ साली तो लोकांच्या हाती आला. आत लॅपटॉपची हार्डडिस्क आणि लिनक्स. रात्री अख्खा डबा डॅशबोर्डातून ओढून काढायचा, घरी नेऊन संगणकाला जोडायचा, गाणी भरायची आणि सकाळी परत बसवायचा. विहिरीवरून पाणी भरून आणावं तसं. पुढे ती कंपनी अमेरिकन कंपनीने घेतली आणि २००१ मध्ये तो प्लेअर बंदही झाला. बिचारे दहा वर्षं आधी जन्मले.

मग २००१ च्या ऑक्टोबरात आयपॉड आला. खिशात हजार गाणी, पण गाडीला ते कळेना. २००४ मध्ये बीएमडब्ल्यूने आयपॉडची जोडणी दिली, पण ती किती जणांच्या दारात उभी असते? बाकीच्यांनी एक गमतीशीर वस्तू वापरली. आकार कॅसेटचा, आत फीत नाही आणि एक वायर बाहेर. टेपमध्ये घातली की टेपच्या डोक्याला वाटतं फीतच फिरतेय! नव्याने जुन्याचं सोंग घेऊन घरात शिरायचं. दुसरी वस्तू म्हणजे सिगारेट लायटरच्या भोकात बसणारं छोटं एफएम केंद्र. गाडीचा रेडिओ ते पकडायचा. इंग्लंडमध्ये तर डिसेंबर २००६ पर्यंत हे बेकायदा होतं, कारण कितीही छोटं असलं तरी ते विनापरवाना प्रक्षेपणच. आमच्या पिढीने रेडिओ ऐकायचासुद्धा परवाना पोस्टात पैसे भरून काढलेला, त्यामुळे मला यात काही नवल वाटलं नाही.

शेवटी टेपलाच पेनड्राइव्हची खाच आली आणि हा सगळा वायरींचा गुंता संपला. आमच्या घरी ते २००९ साली घडलं.

त्या वर्षी माझ्या मुलाने ठरवलं की दादाकाकांच्या कॅसेट 'डिजिटल' करायच्या. एकशेबारा कॅसेट. एक तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, त्यात घाई चालत नाही. ऑफिस सांभाळून चार महिने तो ते करत होता. अगदी मनापासून केलं पोराने. मी त्याला एवढंच म्हणालो, "मधली खरखर, फालतू आवाज काढून टाक रे. दादांना स्वच्छ गाणं मिळू दे." हे वाक्य माझं आहे, त्याचं नव्हे.

त्याच्याकडचं सॉफ्टवेअर शांतता आली की फाइल तोडायचं. अशा शेकडो फाइली झाल्या. त्यातल्या एका मिनिटाच्या आतल्या सगळ्या त्याने कचरा म्हणून पुसल्या. उरलेल्या मी थोड्या थोड्या ऐकल्या आणि रागांची नावं सांगितली, त्याने ती इंग्रजीत टंकली. सगळं एका पेनड्राइव्हवर मावलं. कॅसेटचं काम संपलं. जागेची अडचण सगळ्यांनाच असते. कॅसेट भंगारवाल्याने नेल्या.

डिसेंबरात आम्ही अक्काकडे कराडला निघालो. दादा पुढच्या सीटवर. पेनड्राइव्ह लावला. फाइली इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे, त्यामुळे आधी आभोगी, मग अहिर भैरव, बागेश्री, आणि खेड शिवापूरच्या आतच भैरवी! दादा हसून म्हणाले, "भैरवी झाली. आता उतरायचं का?" सगळे हसलो. मैफलीचा शेवट भैरवीने होतो हे त्या यंत्राला कोण सांगणार.

पण खंबाटकीचा घाट चढताना माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गाणं संपलं की दादा थोडे पुढे झुकतात. टेपच्या बाजूला कान करतात. लगेच पुढचं गाणं सुरू होतं आणि ते मागे टेकतात. असं पाचसात वेळा झालं. मग त्यांनी विचारलं, "अरे, ही बोलत कशी नाही?"

मुलाच्या लक्षात यायला वेळ लागला. माझ्या लगेच आलं. त्याने गाडी कडेला घेतली. कोणी काही बोललं नाही. दादांनीच शेवटी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, उशीर होईल. अक्का जेवायची थांबली असेल."

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. वहिनी गाण्यांमध्ये बोलायच्या हे त्याला कुठून ठाऊक असणार? मला ठाऊक होतं. मी विसरलो, आणि वर 'फालतू आवाज' काढायला सांगून बसलो.

त्या फाइलींना बांधायची चिठ्ठीसुद्धा तयार होती, हे मला नंतर कळलं. एरिक केम्प नावाच्या माणसाने १९९६ साली एमपी३ ला नावाची जागा जोडली. तिला 'आयडी३ टॅग' म्हणतात. सुरुवातीचा टॅग १२८ बाइटचा आणि बसवला कुठे? फाइलच्या शेवटी! गौहर जान आणि वहिनी जिथे बोलायच्या तिथेच. गाण्याचं नाव ३० अक्षरांत, गायकाचं ३० अक्षरांत. राग, ताल, साथीला कोण, यांना वेगळी जागा नाही. गाण्याच्या प्रकारांची ठरीव यादी होती, ८० प्रकारांची. त्यात पोल्का आहे (अंगातलं पोलकं नव्हे, तो एक नाच आहे). नाट्यसंगीत नाही, ठुमरी नाही. १९९८ च्या पुढच्या आवृत्तीत टॅग ऐसपैस झाला, देवनागरीही चालू लागली, पण बऱ्याच गाड्यांच्या टेपवर मराठी नावाच्या जागी चौकोनच दिसत. आणि "दूध उतू गेलं" याला खास वेगळा रकाना कोणत्याच आवृत्तीत नाही.

आता उरलेली गोष्ट. कराडला पोचल्यावर जेवणं झाली. विषय निघाला तशी अक्का उठली, माळ्यावरून एक पत्र्याची पेटी काढायला लावली. त्यात एक्केचाळीस कॅसेट! वर्षानुवर्षं "ऐकून परत देते" म्हणून नेलेल्या आणि कधीच परत न केलेल्या. दादा तिच्यावर पूर्वी यावरून किती चिडायचे! त्या दिवशी मात्र नुसते पेटीकडे बघत बसले.

त्या एक्केचाळीस मुलाने पुन्हा उतरवल्या. या वेळी काही तोडलं नाही. कॅसेटची एक बाजू म्हणजे एक फाइल, अर्ध्या तासाची. खरखर तशीच, टेपचं बटण दाबल्याचा आवाज तसाच. दादा २०१५ साली गेले, तोवर गाडीत तेच ऐकायचे. आणि हो, वहिनींचं ऐकल्यावर कळलं की यातलीच दोन ध्वनिमुद्रणं आधीच्या एकशेबारांतही होती, आणि दोन्हींचे राग मी चुकीचे सांगितले होते. बीए झालेल्या दिरापेक्षा सातवी पास वहिनी बरोबर निघाल्या.

तर परवा पुतण्या म्हणाला, "नाव सांगा, सगळं मिळतं." खरंच मिळतं. मी मुद्दाम मधुवंती सांगितला तर डझनभर निघाले, एकाहून एक सुरेख. त्यात आमचा एकही नव्हता, आणि असणारही नाही. जे विकलं गेलं, छापलं गेलं, ते कुठे ना कुठे सापडेल. घरात भरलेलं एकदाच असतं.

म्हणून सगळ्या नातेवाइकांना विनंती, आणि वाचणाऱ्या इतरांनाही. कॅसेट टाकायच्या आधी पूर्ण ऐका, दोन्ही बाजू, शेवटची फीत संपेपर्यंत. उतरवताना तोडू नका. स्वच्छ करायची असेल तर प्रत करा, मूळ फाइलला हात लावू नका. दोन वेगळ्या घरांत एकेक प्रत ठेवा. आणि एका साध्या वहीत शाईने लिहून ठेवा की कुठल्या फाइलमध्ये कोण आहे. वही वाचायला कुठलीही खाच लागत नाही.

आमच्या घराण्यात कोणाकडे दादांनी दिलेली एखादी कॅसेट अजून पडून असेल, तर मला कळवा. अक्षर लागत नसेल तर ती नक्की त्यांचीच. रागावणार नाही. परत न केल्याबद्दल उलट आभारच मानीन.

असो. बराच लांबला तास.